कंपनी म्हणते २०, गाडी देते १५. मधलं ५ किलोमीटरचं ॲव्हरेज जातं कुठं?

दसरा असो नाहीतर पाडवा, शोरूममध्ये गाडीभोवती अख्खं कुटुंब जमतं. पोरं टचस्क्रीन दाबून बघतात, आई मागच्या सीटवर पाय लांब करता येतात का ते पाहते. आणि घरातलं कुणीतरी सेल्समनला तो एक प्रश्न विचारतंच, "ॲव्हरेज किती देते?"

सेल्समन आकडा सांगतो. समजा, लिटरला २० किलोमीटर. त्याच आकड्यावर घरी हिशेब मांडला जातो. महिन्याचं पेट्रोल इतकं, हप्ता इतका, म्हणजे जमेल. गाडी दारात येते, हार घातला जातो. दोन-तीन महिन्यांनी लक्षात येतं की गाडी १४-१५च्या वर जातच नाही.

मग सुरू होतो संशय. कंपनीने फसवलं का? गाडीत काही बिघाड आहे का? की आपल्यालाच गाडी चालवता येत नाही?

बहुतेक वेळा या तिन्हींपैकी काहीच खरं नसतं. तो २० चा आकडा खोटा नसतो, पण तो तुम्हाला दिलेला शब्दही नसतो. मग तो असतो काय?

हा आकडा ठरवतं कोण?

कुठल्याही कंपनीला भारतात नवीन गाडी विकायची असेल तर आधी सरकारमान्य चाचणी संस्थेकडून तिची तपासणी करून घ्यावी लागते. अशा संस्थांपैकी सगळ्यात ओळखीचं नाव म्हणजे एआरएआय, म्हणजेच ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया. ही संस्था पुण्यात आहे, कोथरूडजवळच्या वेताळ टेकडीवर. १९६६ साली तिची स्थापना झाली.

जाहिरातीत छोट्या अक्षरात 'एआरएआय प्रमाणित मायलेज' असं लिहिलेलं असतं, ते यांच्याच नावाने. पण चाचणी करणारी ही एकमेव संस्था नाही. हरियाणातल्या मानेसरची आयकॅट, चेन्नईजवळची जीएआरसी आणि आपल्या अहिल्यानगरची व्हीआरडीई याही मान्यताप्राप्त संस्था आहेत. बोलताना मात्र सगळ्याच आकड्यांना 'एआरएआयचं मायलेज' म्हणायची सवय लागली आहे.

चाचणीत नेमकं काय होतं?

पहिली गोष्ट म्हणजे, ही चाचणी रस्त्यावर होत नाही. गाडी एका बंद खोलीत उभी केली जाते. तिची चाकं जमिनीतल्या मोठ्या रोलरवर ठेवतात. याला चॅसी डायनॅमोमीटर म्हणतात. जिममधल्या ट्रेडमिलवर माणूस जागच्या जागी पळतो, तशी गाडी इथे जागच्या जागी धावते. रस्त्यावर गाडीला जेवढा विरोध होतो, तेवढा विरोध रोलरवर कृत्रिमरीत्या दिला जातो.

समोरच्या पडद्यावर एक आलेख सरकत असतो. कोणत्या सेकंदाला किती वेग हवा, हे त्यावर दिसतं. ड्रायव्हरने तो आलेख तंतोतंत पाळायचा. या ठरलेल्या वेळापत्रकाला 'मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल' म्हणतात, थोडक्यात एमआयडीसी. महाराष्ट्रात एमआयडीसी म्हटलं की चाकण किंवा वाळूज आठवतं, पण ही एमआयडीसी वेगळी.

ही सायकल ११८० सेकंदांची असते, म्हणजे २० मिनिटांपेक्षाही कमी. त्यात गाडी साधारण साडेदहा किलोमीटर धावते. पहिला भाग शहरातला, थांबत-थांबत जाणारा. दुसरा भाग मोकळ्या रस्त्यावरचा. सगळ्यात जास्त वेग ताशी ९० किलोमीटर आणि सरासरी वेग ताशी ३२ किलोमीटरच्या आसपास.

खोलीचं तापमान २० ते ३० अंशांच्या दरम्यान असतं. गाडीत दोन माणसांएवढं, साधारण दीडशे किलोचं वजन धरतात. एसी बंद असतो. चढ नसतो, खड्डे नसतात, पाऊस नसतो आणि मध्येच आडवी येणारी रिक्षाही नसते.

किती पेट्रोल जळलं हे टाकीत बघून ठरवत नाहीत. सायलेन्सरमधून बाहेर पडणारा धूर गोळा करतात आणि त्यात कार्बन डायऑक्साइड आणि कार्बन असलेले इतर वायू किती आहेत ते मोजतात. त्यावरून जळालेल्या इंधनाचा हिशेब लागतो. म्हणजे ज्या चाचणीत गाडीचं प्रदूषण मोजलं जातं, त्याच चाचणीतून मायलेजही बाहेर येतं.

मग अशा चाचणीचा उपयोग काय?

उपयोग आहे, आणि मोठा आहे. तो तुलनेसाठी.

समजा प्रत्येक कंपनीने आपापल्या ड्रायव्हरला आपापल्या रस्त्यावर पाठवून मायलेज काढलं असतं, तर कुणी सोलापूरचा सरळ हायवे निवडला असता, कुणी उताराचा रस्ता. मग दोन गाड्यांची तुलना करणं शक्यच झालं नसतं. सगळ्यांना एकच पेपर दिला की कोण पुढे आणि कोण मागे हे कळतं.

म्हणजे एका गाडीचा आकडा २० आणि दुसरीचा १७ असेल, तर पहिली गाडी कमी पेट्रोल खाते एवढं बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येतं. पण तुमच्या हातात, तुमच्या रस्त्यावर ती २० देईलच असं यातून ठरत नाही. गडबड होते ती इथेच. तुलनेसाठी असलेला आकडा आपण घरखर्चाच्या वहीत लिहितो.

रस्त्यावर आल्यावर काय बदलतं?

सगळ्यात आधी ट्रॅफिक. हिंजवडीच्या किंवा घोडबंदर रोडच्या गर्दीत गाडी उभी असते तेव्हा इंजिन चालू असतं, पण किलोमीटर वाढत नाहीत. छोट्या कारचं इंजिन नुसतं उभं राहून तासाला साधारण अर्धा ते एक लिटर पेट्रोल जाळू शकतं. त्या वेळचं मायलेज सरळ शून्य असतं.

दुसरा एसी. त्याचा कॉम्प्रेसर इंजिनच्याच ताकदीवर चालतो. मे महिन्यात नागपूर किंवा जळगावात उन्हात तापलेली गाडी थंड करायला बरंच इंधन जातं. शिवाय गर्दीत गाडी हळू चालते, तेव्हा एसीचा वाटा आणखी जाणवतो.

तिसरा वेग. ताशी ८० वरून १०० वर गेलं की वेग सव्वापट होतो, पण हवेचा विरोध दीडपटीहून जास्त वाढतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कारसाठी सपाट भागात ताशी १०० ची मर्यादा आहे, आणि चाचणीतला सगळ्यात जास्त वेग ९० चा. म्हणजे कायद्यात राहून चालवलेली गाडीही तिथे चाचणीपेक्षा जोरात धावते.

चौथे चढ आणि वजन. पाच माणसं आणि गावाकडून आणलेली तांदळाची पोती घेऊन खंबाटकी घाट चढणारी गाडी आणि खोलीत रोलरवर धावणारी गाडी यांची बरोबरी होणार नाही. टायरमध्ये हवा कमी असेल तर त्यात भर पडते.

पाचवी गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे छोट्या फेऱ्या. सकाळी मुलांना शाळेत सोडायचं, परत यायचं, मग दोन किलोमीटरवर भाजी आणायला जायचं. इंजिन गरम व्हायच्या आतच गाडी बंद होते. थंड इंजिन जास्त इंधन पितं. त्यामुळे 'आम्ही तर गाडी फारशी चालवतच नाही' म्हणणाऱ्या घरात मायलेज उलट कमी दिसतं.

इथेनॉलमुळे किती फरक पडतो?

आता पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, ज्याला ई-२० म्हणतात. तेवढ्याच लिटरमध्ये इथेनॉलमधली ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी असते. त्यामुळे मायलेज थोडं घटणार हे उघड आहे.

किती घटणार, यावर मात्र वाद झाला. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात, मूळ साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि १० टक्के इथेनॉलसाठी जुळवलेल्या चारचाकींमध्ये ६ ते ७ टक्के घट होईल असा अंदाज होता. ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने सांगितलं, की ई-२० साठी जुळवलेल्या चारचाकींमध्ये घट १ ते २ टक्के आणि इतर गाड्यांमध्ये ३ ते ६ टक्के असेल.

यातला मोठा आकडा धरला तरी १५ देणारी गाडी १४ वर येईल. २० ची १५ होण्याचं सगळं खापर इथेनॉलवर फोडता येत नाही. त्यातला मोठा वाटा वरच्या पाच गोष्टींचा आहे.

बाकीचे देश काय करतात?

कागदावरचा आणि रस्त्यावरचा आकडा न जुळणं ही फक्त भारताची रडकथा नाही. युरोपात वर्षानुवर्षं एनईडीसी नावाची चाचणी होती. भारताची एमआयडीसी तिच्याच धर्तीवर बनली आहे, फक्त सगळ्यात जास्त वेग १२० ऐवजी ९० केला. त्या चाचणीचे आकडे प्रत्यक्षापासून फारच लांब जायला लागले, तेव्हा २०१७ पासून युरोपने डब्ल्यूएलटीपी ही नवी चाचणी आणली. ती ३० मिनिटांची आहे, २३ किलोमीटरहून जास्त अंतराची आहे आणि तिच्यात वेग ताशी १३१ पर्यंत जातो.

अमेरिकेने आणखी पुढचं पाऊल टाकलं. तिथे २००८ च्या मॉडेलपासून जास्त वेग, एसीचा वापर आणि कडाक्याची थंडी हे सगळं धरून आकडा खाली आणला जातो, आणि मगच तो गाडीच्या काचेवर चिकटवला जातो. शहरातलं आणि हायवेवरचं मायलेज तिथे वेगवेगळं लिहितात.

कंपनीने खरंच वाढवून सांगितलं तर?

तसंही घडलेलं आहे. ह्युंदाई आणि किया या कंपन्यांनी अमेरिकेत अनेक मॉडेल्सचं मायलेज जास्त सांगितल्याचं २०१२ मध्ये समोर आलं. २०१४ मध्ये त्यांनी १० कोटी डॉलर्सचा दंड भरायचं मान्य केलं.

भारतातलं एक प्रकरण केरळमधलं. त्रिशूरच्या एका महिलेने डिझेल कार घेतली होती. माहितीपत्रकात लिटरला सुमारे ३२ किलोमीटरचा दावा होता. प्रकरण ग्राहक आयोगात गेलं आणि तज्ज्ञाकडून गाडीची चाचणी झाली. त्यात मायलेज २० च्याही खाली भरलं. २०२२ मध्ये आयोगाने त्या महिलेला खर्चासह ३ लाख १० हजार रुपये देण्याचा आदेश दिला.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, आणि ती साधारणपणे २ वर्षांच्या आत करावी लागते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

पण एक लक्षात ठेवायला हवं. 'प्रमाणित मायलेज, चाचणीच्या परिस्थितीत' असं कंपनीने स्पष्ट लिहिलं असेल, तर फक्त आकडा जुळला नाही म्हणून केस उभी राहणं अवघड असतं. म्हणून माहितीपत्रक आणि जाहिरात जपून ठेवावी. सेल्समनने तोंडी मारलेल्या बाता नंतर सिद्ध करता येत नाहीत. व्हॉट्सॲपवर लिहून घेतलेलं मात्र कामी येऊ शकतं.

मग गाडी निवडताना हिशेब कसा मांडायचा?

सोपा हिशेब व्हावा म्हणून पेट्रोल १०० रुपये लिटर धरू. महिन्याला १००० किलोमीटर गाडी फिरते असं समजू.

कागदावरच्या २० ने महिन्याला ५० लिटर पेट्रोल लागेल, म्हणजे ५ हजार रुपये. प्रत्यक्षात १५ मिळालं तर जवळपास ६७ लिटर लागतं, म्हणजे ६ हजार ६६७ रुपये. फरक महिन्याला १६६७ रुपयांचा. ५ वर्षांच्या कर्जाच्या काळात हाच फरक १ लाखावर जातो. हप्ता काठोकाठ बसवून गाडी घेतलेल्या घराला हा लाख रुपयांचा फटका जाणवतोच.

म्हणून बजेट करताना कागदावरच्या आकड्यातून एक चतुर्थांश वजा करून बघावं. २० असेल तर १५ धरावं. गाडी फक्त शहरातच फिरणार असेल तर आणखी थोडं कमी धरावं. त्या आकड्यावर खर्च झेपत असेल, तर गाडी झेपेल.

दुसरा सापळा उलटा आहे. जास्त मायलेजसाठी जास्त पैसे मोजण्याचा. समजा एक गाडी प्रत्यक्षात १५ देते आणि दुसरी साडेसोळा, पण दुसरी ६० हजारांनी महाग आहे. महिन्याला १००० किलोमीटर चालवली तर पेट्रोलमध्ये वाचतात साधारण ६०० रुपये. ६० हजार वसूल व्हायला ८ वर्षांहून जास्त लागतील. एवढ्या फरकासाठी मायलेज सोडून एअरबॅग, क्रॅश टेस्टचे स्टार आणि जवळचं सर्व्हिस सेंटर बघितलेलं बरं.

सीएनजी, हायब्रिड आणि इलेक्ट्रिकचं काय?

सीएनजी मॉडेल साधारण ९० हजारांनी महाग आहे असं धरू. गॅस ८० रुपये किलो आणि किलोला प्रत्यक्ष २२ किलोमीटर. किलोमीटरला खर्च येतो ३ रुपये ६४ पैसे. १५ देणाऱ्या पेट्रोल गाडीला तोच खर्च ६ रुपये ६७ पैसे. म्हणजे किलोमीटरमागे ३ रुपये वाचतात आणि ३० हजार किलोमीटरनंतर जास्तीचे ९० हजार वसूल होतात.

रोज ऑफिसला गाडी नेणाऱ्याचे हे पैसे अडीच वर्षांत निघतील. रविवारी गाडी काढणारा महिन्याला ३०० किलोमीटरच फिरत असेल, तर त्याला ८ वर्षं लागतील. डिकीतली जागा, पंपावरची रांग आणि दर ३ वर्षांनी करावी लागणारी सिलेंडरची हायड्रो टेस्ट हे त्यावर आणखी.

हायब्रिडचं गणित वेगळं. ब्रेक मारताना वाया जाणारी ऊर्जा तिच्या बॅटरीत जमा होते, त्यामुळे सारखं थांबावं लागणाऱ्या शहरात ती साध्या पेट्रोल गाडीपेक्षा बरीच जास्त चालते. सलग वेगाने हायवेवर हा फायदा कमी होतो.

इलेक्ट्रिक गाडीत मायलेजची जागा रेंज घेते, पण गोष्ट तीच. काही कंपन्या आता स्वतःच दोन आकडे द्यायला लागल्या आहेत. टाटा मोटर्स प्रमाणित रेंजसोबत 'सी-७५' नावाचा आकडा देते, म्हणजे ७५ टक्के ग्राहकांना मिळू शकेल अशी रेंज. नेक्सॉन ईव्हीच्या ४५ किलोवॅट-तासाच्या मॉडेलची प्रमाणित रेंज ४८९ किलोमीटर, तर सी-७५ चा आकडा साडेतीनशेच्या थोडा वर. पुणे ते कोल्हापूर जाऊन-येऊन एका चार्जमध्ये करायचा बेत आखणाऱ्याने कुठला आकडा धरायचा, हे वेगळं सांगायला नको.

आपल्या गाडीचं खरं ॲव्हरेज कसं काढायचं?

डॅशबोर्डवर दिसणारा आकडा अनेकदा थोडा जास्त असतो. त्यापेक्षा जुनी 'टाकी फुल' पद्धत भरवशाची.

१. पंपावर नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरायची. वर आणखी पेट्रोल ओतायला सांगायचं नाही.
२. ट्रिप मीटर शून्यावर आणायचा.
३. किमान ३०० ते ४०० किलोमीटर नेहमीसारखी गाडी चालवायची.
४. शक्यतो त्याच पंपावर, तशीच टाकी पुन्हा भरायची.
५. चाललेल्या किलोमीटरला आता भरलेल्या लिटरने भागायचं.

असं तीन-चार वेळा करून सरासरी काढली की तुमच्या गाडीचं, तुमच्या रस्त्यावरचं ॲव्हरेज कळतं. त्यात अचानक मोठी घट दिसली, तर टायरमधली हवा, एअर फिल्टर आणि ब्रेक आधी तपासून घ्यावेत.

गाडी घेण्याआधीही हे करता येतं. तीच गाडी, तेच इंजिन वापरणारं कुणीतरी सोसायटीत, ऑफिसात किंवा नात्यात असतंच. त्यांना नुसतं "किती देते?" विचारू नका. रोज किती किलोमीटर जाता, कुठल्या रस्त्याने, एसी लावून की न लावता, हेही विचारा. ज्याचं उत्तर तुमच्या रोजच्या धावपळीशी जुळेल, त्याच्याच आकड्यावर घरचं बजेट मांडा.